व्हेस्ट्रीवर निवडून आलात? एपिस्कोपल पॅरिशचा कारभार असा चालतो

जानेवारीतला रविवार. उपासना संपते, खालच्या हॉलमध्ये कॉफी आणि घराघरांतून आलेले पदार्थ मांडलेले असतात, वार्षिक सभा सुरू होते आणि चिठ्ठ्या मोजल्यावर तुमचं नाव वाचलं जातं. संध्याकाळी नगरला फोन लावला की आई विचारते, "म्हणजे पास्टोरेट कमिटीत घेतलं का तुला?"

मी "हो" म्हटलं होतं. माझं पहिलं वर्ष त्या "हो"तली गफलत निस्तरण्यातच गेलं. आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात एक ठरलेलं चित्र असतं. पाळकसाहेबांना बिशप पाठवतात, बिशपच बदली करतात, जागा बहुधा डायोसेसच्या, म्हणजे बिशपच्या देखरेखीखालच्या विभागाच्या, ट्रस्टच्या नावावर असते आणि कमिटी या सगळ्याच्या आत राहून मंडळीचं काम बघते. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या, म्हणजे इथल्या अँग्लिकन चर्चच्या, पॅरिशमध्ये (स्थानिक मंडळीत) यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचं उत्तर वेगळं आहे. इथे स्वतःचा पाळक स्वतः शोधून बोलावणारी व्हेस्ट्री, म्हणजे मंडळीने निवडलेली कारभारी समिती, असते. कायद्याच्या नजरेत पॅरिशच्या वतीने सही करणारीही तीच. पण एकदा बोलावलेल्या पाळकाला काढून टाकण्याचा अधिकार मात्र तिला नाही. ही तीन वाक्यं नीट समजली, तर पुढचं बरंच सोपं जातं.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालं आणि एपिस्कोपल चर्चशी त्याची पूर्ण सहभागिता आहे, म्हणजे दोन्ही चर्च एकमेकांचे सभासद आणि पाळक मान्य करतात. म्हणून न्यू जर्सीत, टेक्सासात किंवा कॅलिफोर्नियात आलेलं आपलं एखादं कुटुंब या चर्चमध्ये परकं ठरत नाही. बसायला जागा मिळते, आणि चार वर्षांनी कोणीतरी येऊन विचारतं, "व्हेस्ट्रीसाठी उभे राहाल का?" हा लेख त्या प्रश्नाला "हो" म्हणणाऱ्यांसाठी आहे.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय नियम कळत नाहीत

व्हेस्ट्री म्हणजे मुळात पाळकाचे झगे ठेवायची खोली. इंग्लंडमध्ये गावकरी त्या खोलीत जमून पॅरिशचा कारभार बघत, म्हणून सभेलाही तेच नाव पडलं. ही पद्धत समुद्रापार व्हर्जिनियात गेली, तिथे मात्र एक अडचण होती. संपूर्ण वसाहतकाळात अमेरिकेत एकही अँग्लिकन बिशप नव्हता. दीक्षा घ्यायची तर लंडनला जहाजाने जावं लागे. बिशप हजारो मैल लांब असल्यामुळे पाळक नेमणं, त्याचा पगार देणं, चर्च बांधणं, गरिबांना मदत करणं हे सगळं बिगर-दीक्षित माणसांच्या हातात आलं. पाळकाचा पगार तंबाखूत ठरे, १६९६च्या कायद्याने वर्षाला १६,००० पौंड तंबाखू. जॉर्ज वॉशिंग्टन १७६२ मध्ये ट्रुरो पॅरिशच्या व्हेस्ट्रीवर निवडून आले, आणि तिथे ते वॉर्डन, म्हणजे व्हेस्ट्रीचे प्रमुख पदाधिकारी, हेही होते.

क्रांतीनंतर १७८९ मध्ये चर्चने स्वतःची घटना केली. बिशप आले, पण व्हेस्ट्रीने कमावलेला अधिकार कोणी काढून घेतला नाही. आज पॅरिशमध्ये बिशप, रेक्टर (पॅरिशने बोलावलेला मुख्य पाळक) आणि व्हेस्ट्री अशी तीन टोकं दिसतात, ती या इतिहासातून आलेली आहेत.

हा अधिकार सगळ्यांना सारखा मिळाला नव्हता, हेही सांगायला हवं. फिलाडेल्फियात अ‍ॅब्सलम जोन्स यांच्या सेंट थॉमस या कृष्णवर्णीय मंडळीला १७९४ मध्ये चर्चमध्ये घेतलं, ते डायोसेसच्या अधिवेशनात भाग घ्यायचा नाही या अटीवर. स्त्रियांना राष्ट्रीय अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून बसायला १९७० उजाडलं. त्या टेबलाशी तुमची खुर्ची मांडली जाते तेव्हा तिच्यासाठी कोणी किती वर्षं वाट पाहिली, ते मला आठवतं. म्हणून मी सभेला उशिरा जात नाही.

पहिली पायरी: उभं राहण्याआधी

तुमची मंडळी पॅरिश आहे की मिशन, हे आधी विचारा. मिशन स्वतःच्या पायावर उभं नसतं. तिथे पाळक बिशप नेमतात, त्याला व्हिकर म्हणतात, आणि व्हेस्ट्रीऐवजी बिशपची कमिटी असते. या लेखातलं बरंचसं फक्त पॅरिशला लागू आहे.

मग तुमची पात्रता. वर्षभरात किमान तीनदा प्रभुभोजन घेतलेला सभासद कम्युनिकंट ठरतो आणि १६ वर्षांचा झाला की प्रौढ कम्युनिकंट. व्हेस्ट्रीवर येण्यासाठी याहून जास्त काय हवं, हे राज्याचा कायदा, डायोसेसचे कॅनन (चर्चचे कायदे) आणि पॅरिशचे उपनियम ठरवतात. अनेक ठिकाणी दृढीकरण (बिशपच्या हातून होणारा, बाप्तिस्म्यानंतरचा विधी) झालेलं असावं लागतं. तुमचं दृढीकरण श्रीरामपूरला किंवा पुण्याला झालं असेल, तर तिथल्या मंडळीकडून दाखला मागवा आणि इथल्या रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या. हे काम निवडणुकीच्या आठवड्यात होत नाही. आपल्याकडचं रजिस्टर कोणाच्या कपाटात आहे, हे शोधण्यातच महिना जातो.

मुदत बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची असते आणि दर वर्षी एकतृतीयांश सभासद बदलतात. महिन्याला एक सभा, तिच्याआधी वाचायचे कागद आणि एक-दोन उपसमित्या एवढा वेळ द्यावा लागतो. मुलं आणि दुर्बल माणसांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. ते टाळू नका आणि कोणाला टाळू देऊ नका.

दुसरी पायरी: पहिल्या महिन्यात वाचायचे कागद

पॅरिशच्या ऑफिसमधून एवढं मागून घ्या: पॅरिशचे उपनियम, डायोसेसचे कॅनन, मागच्या बारा महिन्यांची इतिवृत्तं, शेवटचा हिशेब-तपासणी अहवाल, विम्याची पॉलिसी आणि रेक्टरबरोबर झालेलं करारपत्र. संपूर्ण चर्चचे कॅनन ऑनलाइन मिळतात. त्यातले पहिल्या विभागातले सातवा आणि चौदावा कॅनन आधी वाचा. सातवा पैशांच्या व्यवहाराचा, चौदावा व्हेस्ट्रीचा. चौदावा जेमतेम तीन परिच्छेदांचा आहे. व्हेस्ट्रीची संख्या, निवडणूक आणि मुदत राज्याच्या व डायोसेसच्या कायद्याप्रमाणे ठरेल, मालमत्तेच्या आणि पाळकाशी असलेल्या संबंधांच्या बाबतीत व्हेस्ट्री ही पॅरिशची कायदेशीर प्रतिनिधी असेल, आणि सभेचं अध्यक्षपद रेक्टर किंवा रेक्टरने नेमलेला व्हेस्ट्रीचा सभासद घेईल, एवढंच तो सांगतो.

राज्याचा कायदा मधेच कुठून आला, असं वाटेल. पण न्यूयॉर्कच्या धार्मिक संस्थांच्या कायद्यात एपिस्कोपल पॅरिशसाठी वेगळं प्रकरणच आहे. म्हणून तुमच्या बहिणीच्या पॅरिशमध्ये चालणारी गोष्ट तुमच्याकडे चालेलच असं नाही.

पदं चार लक्षात ठेवा. सीनियर वॉर्डन हा रेक्टरचा जवळचा सल्लागार, आणि रेक्टर नसेल तेव्हा पॅरिशचा भार त्याच्यावर. ज्युनियर वॉर्डनकडे बहुधा इमारत: छप्पर, पाइप, बर्फ. मग खजिनदार आणि इतिवृत्त लिहिणारा क्लार्क. क्लार्कच्या कामाला दुय्यम समजू नका. पाच वर्षांनी वाद झाला की त्याचीच वही उघडली जाते.

तिसरी पायरी: कुठली गोष्ट कोणाची

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. उपासना, संगीत, शिक्षण आणि मंडळीची आध्यात्मिक काळजी ही रेक्टरची जबाबदारी, अर्थात बिशपच्या देखरेखीखाली. आपल्या कामासाठी चर्चची इमारत आणि सामान वापरण्याचा अधिकारही रेक्टरचा. पैसा, मालमत्ता, करारमदार आणि नवा रेक्टर बोलावणं हे व्हेस्ट्रीचं.

एक उदाहरण देते. आमच्या चार मराठी कुटुंबांना नाताळात एका संध्याकाळी मराठी उपासना घ्यायची होती. मी तो विषय व्हेस्ट्रीच्या सभेत मांडायला निघाले होते. सीनियर वॉर्डन आजोबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे रेक्टरना विचार. इथे मतदान झालं, तर उद्या प्रत्येक गाण्यावर मतदान होईल." रेक्टरबाईंनी दोन मिनिटांत होकार दिला आणि मेणबत्त्या कुठे ठेवल्यात तेही सांगितलं. पुढच्याच महिन्यात एका पाळणाघराला हॉल तीन वर्षांच्या भाडेकराराने द्यायचा प्रश्न आला. तोच हॉल, पण आता करार, विमा आणि जोखीम होती. ते व्हेस्ट्रीसमोर आलं, आणि करारावर सही होण्याआधी डायोसेसच्या ऑफिसलाही विचारलं गेलं.

इमारत विकायची किंवा गहाण ठेवायची असेल, तर व्हेस्ट्रीचा ठराव पुरत नाही. बिशप आणि डायोसेसच्या स्टँडिंग कमिटीची (बिशपना सल्ला देणाऱ्या निवडलेल्या समितीची) लेखी संमती लागते. न्यूयॉर्कसारख्या राज्यात त्यावर कोर्टाची किंवा अ‍ॅटर्नी जनरलची मंजुरीही घ्यावी लागते. १९७९ मध्ये केलेल्या कॅननप्रमाणे पॅरिशची मालमत्ता पॅरिशच्या नावावर असली, तरी ती डायोसेस आणि संपूर्ण चर्चसाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते. "जागा आमच्या आजोबांनी दिली" हे वाक्य तुम्हाला इथेही ऐकू येईल, जसं ते आपल्याकडे ऐकू येतं. ऐकून घ्या, आदर ठेवा, पण कागद बघा.

चौथी पायरी: पैसा

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मी पुढे दोन वर्षं खजिनदार होते.

बहुतेक पॅरिशचं उत्पन्न लेखी वचनावर चालतं. आपल्याकडे दशांशाचं पाकीट असतं, इथे शरद ऋतूत प्रत्येक कुटुंब पुढच्या वर्षी किती देणार ते कार्डावर लिहून देतं. त्या कार्डांची बेरीज झाली की अंदाजपत्रक बसवतात. व्हेस्ट्रीच्या सभासदांनी आपली कार्डं सगळ्यांच्या आधी द्यावीत. रक्कम किती हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण कार्ड न देता इतरांना मागायला जाऊ नये.

रविवारचं अर्पण दोघांनी मिळून मोजायचं, आणि ते दोघे एका घरातले नसावेत. दोघांनी सही करायची आणि पैसे थेट बँकेत टाकायचे. कोणावर अविश्वास म्हणून हे नाही. प्रामाणिक माणसावर कधी बोट उठू नये, म्हणून त्याला एकट्याला पैशांसोबत ठेवायचं नाही. ५०० डॉलरहून अधिक रक्कम सांभाळणाऱ्या खजिनदाराचा हमी-विमा काढावा, असं कॅननच सांगतं.

महिन्यातल्या एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी आलेलं, कोणत्याही खास कामासाठी नसलेलं अर्पण रेक्टरच्या मदतनिधीत जातं. ते गरिबांसाठी असतं: कोणाचं वीजबिल, कोणाचं औषध. कोणाला दिलं हे रेक्टर चारचौघांत सांगत नाहीत. पण तो निधी रेक्टरचं खाजगी खातं नाही, त्याची तपासणी होते.

अंदाजपत्रकात पाळकाच्या एकूण मेहनतान्यावर १८ टक्के चर्च पेन्शन फंडाला भरायचे असतात. पैसे कमी पडले की कोणीतरी हा आकडा "थोडे दिवस थांबवू" म्हणतं. थांबवता येत नाही.

आता एक ठराव, जो विसरला तर नुकसान थेट पाळकाच्या घरात होतं. अमेरिकेच्या करकायद्यात पाळकाच्या पगाराचा काही भाग निवासभत्ता म्हणून धरता येतो आणि त्यावर प्राप्तिकर लागत नाही. अट एकच: व्हेस्ट्रीने तो आधी ठरवलेला असला पाहिजे. मागच्या तारखेने चालत नाही. म्हणून डिसेंबरच्या सभेत, नाताळच्या गडबडीतही, इतिवृत्तात एवढं यायलाच हवं: "ठराव मंजूर झाला की रेव्हरंड अमुक यांच्या पुढील वर्षाच्या पगारातील इतके डॉलर निवासभत्ता म्हणून नेमून देण्यात येत आहेत, आणि नवा ठराव होईपर्यंत हाच लागू राहील." शेवटचं वाक्य विसरू नका. एखाद्या डिसेंबरची सभा बर्फामुळे रद्द झाली, तर तेच वाक्य तारून नेतं.

आणि नेमून दिलेला निधी. माझ्या पहिल्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला. बाहेर उणे तापमान, लोक कोट घालून बाकांवर बसलेले, आणि बँकेत ऑर्गनच्या दुरुस्तीसाठी दिलेली रक्कम पडून होती. मी सभेत म्हणाले, "माणसं कुडकुडतायत, ऑर्गन थांबू शकतो." तेव्हाचे खजिनदार एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी फाइलमधून एक पिवळं पडलेलं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. एका विधवेने नवऱ्याच्या स्मरणार्थ ते पैसे दिले होते, तो तीस वर्षं त्याच ऑर्गनवर बसत होता. सभा गप्प झाली. मीही. आम्ही मंडळीला पत्र पाठवलं आणि बॉयलरसाठी वेगळी वर्गणी काढली. दात्याने एका कामासाठी दिलेला पैसा दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, हा कायदा आहे. पण मला तो त्या पत्रामुळे कळला.

दर महिन्याच्या अहवालात तीन आकडे शोधा: वचन दिलेल्यापैकी आतापर्यंत किती जमा झालं, बँकेतल्या रकमेत खर्चायला मोकळी किती आणि नेमून दिलेली किती, आणि कायम ठेवीतून किती काढलं. तिसरा आकडा दर वर्षी वाढत असेल, तर आवाज उठवा. बऱ्याच पॅरिश मागच्या तीन वर्षांच्या सरासरी मूल्यावर ४ ते ५ टक्केच काढतात.

तारखा दोन आहेत. पॅरिशचा वार्षिक अहवाल बिशपकडे १ मार्चपर्यंत, आणि मागच्या वर्षाच्या हिशेबाची तपासणी १ सप्टेंबरपर्यंत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

पाचवी पायरी: सभा

विषयपत्रिका आणि अहवाल आठवडाभर आधी पाठवावेत. प्रार्थनेने सुरुवात होते, मग मागचं इतिवृत्त, खजिनदार, वॉर्डन, रेक्टर. ठराव लेखी असावा, कोणी मांडला, कोणी अनुमोदन दिलं आणि मतं किती पडली हे नोंदवावं. चर्चेत कोण काय बोललं ते लिहू नये, काय ठरलं ते लिहावं. कर्मचाऱ्याचा पगार किंवा तक्रार असा विषय आला, तर बंद सत्रात घ्यावा.

आपल्या लोकांची एक सवय आहे, माझीही होती: सभेत गप्प बसायचं आणि पार्किंगमध्ये मन मोकळं करायचं. इंग्रजी बोलताना अडखळतो, मोठ्या माणसांसमोर नको वाटतं, हे सगळं खरं आहे. तरी हात वर करा. "मला हे कळलं नाही, पुन्हा सांगाल का?" हा प्रश्न मी विचारला त्या प्रत्येक वेळी टेबलाभोवतीच्या आणखी दोघांचे चेहरे सैल झाले.

सहावी पायरी: रेक्टर जातात तेव्हा

व्हेस्ट्रीच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हेच. इथे बिशप बदली करत नाहीत. रेक्टर निवृत्त होतात किंवा दुसऱ्या पॅरिशचं बोलावणं स्वीकारतात, आणि वेदी रिकामी होते. वॉर्डननी लगेच बिशपना कळवायचं. डायोसेसमध्ये या कामासाठी नेमलेला अधिकारी असतो, पहिली बैठक त्याच्याबरोबर घ्यायची. मधल्या काळात रविवारची उपासना चालू राहील याची सोय करायची, बहुधा अंतरिम पाळक आणून.

मग व्हेस्ट्री शोधसमिती नेमते. समितीत फक्त जुनी माणसं नकोत, गेल्या दोन वर्षांत आलेलं एखादं कुटुंबही हवं. समिती आधी मंडळीला विचारते आणि पॅरिशची ओळख लिहून काढते. ही ओळख खरी असू द्या. बाकं अर्धी रिकामी असतील तर तसं लिहा, गळकं छप्पर लपवू नका. जी व्यक्ती तुमचं खरं रूप वाचून येईल, ती टिकेल.

अर्ज येतात, मुलाखती होतात, काही जण दुसऱ्या गावी जाऊन उमेदवाराची उपासना बघून येतात. या काळात तोंड बंद ठेवणं हे खरं काम आहे. उमेदवाराच्या सध्याच्या मंडळीला तो जातोय हे ठाऊक नसतं. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेलं एक वाक्य कोणाचं तरी घर हलवू शकतं.

नावं पक्की झाली की बिशपकडे पाठवायची. बिशपना त्यावर आपलं म्हणणं कळवायला वेळ द्यावा लागतो, जास्तीत जास्त ६० दिवस. त्याआधी निवडणूक घेता येत नाही. त्यानंतर व्हेस्ट्री मतदान करते. शोधसमिती नाव सुचवते, बोलावणं व्हेस्ट्रीचं. शेवटी लेखी करारपत्र: पगार, घर, सुट्टी, अभ्यासरजा, पेन्शन. तोंडी आश्वासन एकही ठेवू नका.

आणि पटत नसेल तर

व्हेस्ट्री रेक्टरना काढू शकत नाही, आणि व्हेस्ट्रीच्या संमतीशिवाय रेक्टरनाही राजीनामा देऊन निघून जाता येत नाही. दोघांनाही बांधून ठेवणारी ही तरतूद मला सुरुवातीला जाचक वाटली होती. आता वाटतं की ती माणसांना पुन्हा टेबलाशी आणून बसवते. मतभेद वाढले, तर कोणतीही बाजू बिशपना लेखी विनंती करून मध्यस्थी मागू शकते. दर वर्षी रेक्टर आणि व्हेस्ट्री यांनी मिळून एकमेकांच्या कामाचा आढावा घेतला, तर बहुतेक गोष्टी तिथपर्यंत जात नाहीत.

गैरवर्तनाची तक्रार मात्र वेगळी. ती व्हेस्ट्रीने चौकशी करून मिटवायची गोष्ट नव्हे. प्रत्येक डायोसेसमध्ये अशा तक्रारी घेणारा अधिकारी असतो, ती त्याच दिवशी त्याच्याकडे जायला हवी. कायद्यानुसार पोलिसांकडे जायचं असेल, तर तिथेही.

मुदत संपताना

शेवटच्या सभेआधी एक फाइल तयार करा. बॉयलरवाल्याचा आणि विमा एजंटचा नंबर, करार कधी संपतात त्या तारखा, बँकेत सह्या कोणाच्या आहेत ती यादी, अपुरं राहिलेलं प्रत्येक काम एका ओळीत. बँकेतली आपली सही रद्द करून घ्या, किल्ल्या परत द्या. नव्या सभासदाला चहाला बोलावून फाइल हातात द्या. माझ्या फाइलमध्ये मी त्या ऑर्गनच्या पत्राची प्रतही लावली होती, मूळ पत्र कपाटात कुठल्या खणात आहे ते पेन्सिलीने लिहून.